सुई खोटी, आराम खरा?

रानजाई

नवऱ्याच्या नोकरीपायी तीन वर्षं शांघायला होते. दुसऱ्या हिवाळ्यात पोरीला उचलायला वाकले आणि कंबरेत अशी उसण भरली की तशीच वाकडी राहिले. शेजारच्या आजीबाईंनी हाताला धरून चिनी उपचारांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. खिडकीवर नंबर लावायचा, मग आत डॉक्टरीणबाई जीभ बघणार, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघणार. नंतर पालथं झोपवून कंबरेत आणि गुडघ्यांच्या मागच्या लवणीत सुया, म्हणजेच अ‍ॅक्युपंक्चर. सुई आत गेली की त्या विचारत राहायच्या, "स्वान? मा? च्यांग?" म्हणजे आंबल्यासारखं वाटतंय, बधिर वाटतंय, की तट्ट फुगल्यासारखं? तसं वाटलं की 'ची', म्हणजे त्यांच्या शास्त्रातली अंगातली प्राणशक्ती, पोचली असं समजायचं. (माझे चिनीतले पहिले पाठ झालेले शब्द हेच.) वर दवण्याच्या कुळातल्या एका झुडपाच्या वाळक्या पाल्याची पेटती कांडी कातडीजवळ धरून शेक. तो वास सगळ्या मजल्यावर भरलेला असायचा. सहा वेळा गेले. चौथ्या खेपेनंतर पोर कडेवर होती.

आता पुण्यात कंबर पुन्हा कुरकुरतेय. सुयांचं नाव काढलं की घरातले दोन एमबीबीएस हसतात. अंगातून 'ची' वाहते आणि तिचे चौदा मार्ग आहेत, हे मलाही पटत नाही. पण दुखणं गेलं ना? जो उपाय चालतो त्याची पोथीही खरी असली पाहिजे, ही अट कशाला? मतं सांगा. भांडलात तरी चालेल.

कडूकिराईत

घरात हसणारे दोघे, तिसरा मी. रोज हाडांचेच पेशंट बघतो म्हणून लिहितो. उसण भरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूक सुटते. तुमच्या सहा खेपा किती दिवसांत झाल्या? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

आता नुसत्या टोमण्यावर भागवत नाही. जर्मनीत जुन्या कंबरदुखीवर मोठी चाचणी झाली, २००७ साली छापून आली. ११६२ माणसं, तीन गट. एकाला चिनी शास्त्राप्रमाणे सुया. दुसऱ्याला खोट्या सुया, म्हणजे भलत्याच जागी, नुसत्या वरवर टोचलेल्या. तिसऱ्याला नेहमीचे उपचार: गोळ्या, फिजिओ, व्यायाम. सहा महिन्यांनी फरक पडलेले किती? खऱ्या सुयांत ४७.६ टक्के, खोट्यांत ४४.२. म्हणजे ते चौदा मार्ग आणि शेकडो बिंदू पाठ केले काय आणि डोळे मिटून टोचलं काय, सारखंच.

हळकुंड

डॉक्टर, तिसरा आकडा गिळलात की. नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ टक्के! तुमच्या गोळ्या-फिजिओपेक्षा खोटी सुईसुद्धा भारी. म्हणूनच जर्मनीतल्या सरकारमान्य आरोग्य विम्याने २००७ पासून जुनी कंबरदुखी आणि गुडघेदुखी यांसाठी सुयांचे पैसे द्यायला सुरुवात केली. जर्मन माणूस फुकट पैसे सोडणारा नव्हे. पाच हजार वर्षं एवढा मोठा देश उगाच टोचून घेत बसला का?

कडूकिराईत

गिळला नाही, पुढच्या घासाला ठेवला होता. त्या चाचणीतली माणसं सरासरी आठ वर्षं कंबर धरून बसलेली. नेहमीचं सगळं करून थकलेली. सुया मिळतील या आशेने नाव नोंदवलं आणि चिठ्ठी निघाली जुन्याच गोळ्यांची. तोंड पडणारच. उलट सुईवाल्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास कुणीतरी आडवं करून हात लावतंय, विचारपूस करतंय. सरकारी ओपीडीत मी पेशंटला किती मिनिटं देतो ते इथे लिहीत नाही, लाज वाटते.

आणि ते पाच हजार वर्षांचं सोडा. चीनमधल्या मावांगदुईला इसवीसनपूर्व १६८ मध्ये बंद झालेलं थडगं १९७३ मध्ये उघडलं. त्यातल्या वैद्यकाच्या लिखाणात शरीरातले मार्ग आहेत, डागण्या आहेत, सुया नाहीत. १८२२ मध्ये चीनच्याच बादशहाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुया हद्दपार केल्या. तुम्ही शांघायला पाहिलंत ते बरंचसं विसाव्या शतकातलं आहे. चेंग दान-आन नावाच्या वैद्याने १९३० च्या दशकात बारीक सुया धरल्या आणि टोचायच्या जागा रक्तवाहिन्यांपासून दूर नेल्या. मग माओच्या काळात, १९५६ साली, बीजिंग, शांघाय, ग्वांगझोऊ, चेंगडू इथे सरकारी महाविद्यालयं निघाली आणि शंभर तऱ्हांच्या विद्येचं एकच क्रमिक पुस्तक झालं. परंपरा म्हणून विकलं जातं ते हे.

बोरूबहाद्दर

क्रमिक पुस्तक झालं तर बिघडलं काय? आपल्या अ‍ॅलोपॅथीतही शंभर वर्षांपूर्वीचं काय उरलंय?

मला ऐकून माहीत असलेली गोष्ट: अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या आधी चीनला गेलेल्या अमेरिकी पत्रकाराचं अपेंडिक्स नुसत्या सुया टोचून, भूल न देता काढलं. त्यावर अमेरिका पागल झाली.

सोलापुरी

अर्धवट ऐकलंत. जेम्स रेस्टन, न्यूयॉर्क टाइम्स, जुलै १९७१. ऑपरेशन झालं ते इंजेक्शनची रीतसर भूल देऊन. दुसऱ्या रात्री पोट फुगून कळा यायला लागल्या तेव्हा सुया टोचल्या, शेक दिला, आणि आराम पडला. हे त्याने स्वतःच लिहिलंय. लोकांनी सुई उचलून ऑपरेशनच्या टेबलावर नेऊन ठेवली.

आता आलोच आहे तर आमच्या गावचंही निस्तरतो. 'डॉ. कोटणीसांनी भारतात अ‍ॅक्युपंक्चर आणलं' असं भाषणात ठोकून देतात. कसं आणतील? १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. कोटणीस शल्यचिकित्सक. आघाडीवर जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वय ३२. सुया शिकले ते त्याच पथकातले बिजॉयकुमार बसू. १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, शिकून आले आणि कलकत्त्याला टोचू लागले. आमच्या माणसाच्या खऱ्या कामावर भलतं श्रेय चिकटवू नका, तेवढं पुरेसं मोठं आहे.

हळकुंड

सोलापुरी, मान्य. पण डॉक्टरांचं 'सगळं मनाचे खेळ' हे काही मान्य नाही. मनाचे खेळ तर मनाचे खेळ, पेशंट उठून चालला ना? आणि वरवर टोचलेली सुई म्हणजे काही साखरेची गोळी नव्हे. कातडीला टोच बसली की मज्जातंतू जागे होणारच, मग ती 'खोटी' कशी? १९६५ चा मेलझॅक आणि वॉलचा सिद्धांत तुम्हीच शिकला असाल: दुखण्याची वर्दी मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातल्या दारावर दुसऱ्या स्पर्शाने अडवता येते. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो तो काय 'ची'साठी?

जाता जाता: या चिनी उपचारांतलं तुंबडी लावणंही आपल्याला नवीन आहे का? आजोबांच्या पाठीला गावातला वैदू शिंगाची तुंबडी लावायचा. रिओ ऑलिंपिकला अमेरिकी जलतरणपटू फेल्प्सच्या खांद्यावर ते गोल लाल डाग दिसले आणि मग आमच्या पोरांना ते कपिंग म्हणून आवडलं.

कडूकिराईत

अंगठ्याचं उत्तर आवडलं. पण मग कुठेही चोळा! तीन वर्षं बिंदू पाठ करून त्याची फी कशाला? वैदू निदान स्वस्तात तुंबडी लावायचा, आता लावणाराच आपली भरतो.

माझी खरी भीती मात्र सुई नाहीच. सुईने क्वचित फुप्फुसाला भोक पडतं, पण निर्जंतुक सुई आणि शिकलेला हात असेल तर ते अगदी विरळा. भीती आहे सुईपाठोपाठ येणाऱ्या पुड्यांची. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या. एका मुळीच्या जागी नावात साम्य असलेली दुसरीच आली, अ‍ॅरिस्टोलोकिया. शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं गेली, पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. 'नैसर्गिक' आहे म्हणून रेटत होते.

बोरूबहाद्दर

आणि 'तू यूयू' या चिनी शास्त्रज्ञ बाई? २०१५ चं नोबेल मलेरियाच्या औषधाला, आणि सुगावा सोळाशे वर्षांपूर्वीच्या चिनी पोथीत. मूठभर छिंगहाव नावाची वनस्पती पाण्यात भिजवा, पिळून रस प्या. उकळा असं म्हटलेलं नाही, हे त्या बाईंच्या डोळ्यात भरलं. उष्णतेने गुण जात असावा म्हणून त्यांनी कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला.

कडूकिराईत

बरोबर. आणि मग प्राण्यांवर तपासला, स्वतः पिऊन पाहिला, रेणू वेगळा केला, मात्रा ठरवली. पोथीशी तसं वागायची तयारी असेल तर मी आत्ता तुमच्या पंगतीला बसतो.

रानजाई

बापरे, एका दिवसात एवढं! डॉक्टर, सहा खेपा तीन आठवड्यांत झाल्या. म्हणजे कावळा बसलाही असेल, कबूल. पण गंमत बघा, तुम्ही आणि हळकुंड एकाच चाचणीवरून भांडताय. कुठले उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेचंही तेच: २००९ मध्ये कंबरदुखीला सुया चालतील म्हणाले, २०१६ मध्ये नको म्हणाले, २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुन्या दुखण्यांसाठी पुन्हा दार किलकिलं केलं. मग मी एकटीने ठाम कशाला व्हायचं?

गुरुवारी जातेय. २०१५ च्या राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर कायद्याखाली नोंदणी असलेल्या बाई आहेत, सुया समोर पाकीट फोडून वापरतात. पुड्या दिल्या तर घेणार नाही, हे डॉक्टरांना वचन. फिजिओचे व्यायामही चालू ठेवते.

कडूकिराईत

जा. फक्त पायात जोर कमी वाटला, दोन्ही मांड्यांमधली जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचाचा ताबा गेला, तर सुई नको आणि गुरुवारपर्यंत वाटही बघू नका. तेवढ्यापुरती माझी पोथी ऐका. आणि सहा खेपांत काहीच फरक नाही पडला तर तेही इथे येऊन लिहा. गुण न आलेले कधी लिहीत नाहीत.

हळकुंड

रानजाई, त्या बाई तुंबड्याही लावतात का? लावत असतील तर पाठीवरचे डाग आठवडाभर सहज राहतात. रविवारी कुणाच्या लग्नाला जायचं असेल तर ब्लाऊजचा गळा बघून ठेवा.