मदत हवी आहे: विंटरथूरजवळ बाबांना झेपेल असा ग्रॅव्हल सायकलिंगचा रस्ता

नमस्कार मंडळी,

स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिक-विंटरथूर भागात सायकल चालवणारं कोणी इथे असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

मी विंटरथूरला राहते. माझे बाबा सहा आठवड्यांसाठी निफाडहून आले आहेत. वय ६८. पोस्टमन होते. नोकरीची सगळी वर्षं टपालाची पिशवी कॅरिअरला बांधून वस्त्या आणि मळे सायकलवर फिरले. अजूनही रोज सकाळी दूध आणायला सायकलच काढतात. इथे आल्यावर चौथ्या दिवशी म्हणाले, "तुझ्याकडे दुसरी सायकल आहे का?" मैत्रिणीची मिळाली, सरळ हँडलची, ४० मिलिमीटरचे टायर असलेली. माझी ग्रॅव्हल बाइक आहे, म्हणजे खडीच्या, कच्च्या रस्त्यांसाठीची, टायर तेवढेच.

पहिल्या दिवशी एशेनबेर्गच्या जंगलात गेलो. घरापासून दहा मिनिटांवर. ब्रूडरहाउसच्या प्राणिसंग्रहालयापर्यंत रुंद, दाबून बसवलेला रस्ता आहे, दोन्ही बाजूंना बीचची झाडं. बाबा मध्येच उतरले, खाली वाकून चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली आणि म्हणाले, "हा तर मुरूम आहे गं." इकडे याला मेर्गेल म्हणतात. आपल्यासारखा तांबडा नाही, पिवळट-पांढरा, चुनखडीचा. पण रोलर फिरवून दाबला की तसाच घट्ट बसतो, चाकाखाली तसाच बारीक करकरतो. त्या दिवसापासून त्यांना डांबरी रस्त्यावर सायकल चालवायचीच नाही. पाणंदीतून जाऊ, म्हणतात.

आता अडचण. गेल्या रविवारी मी एका अ‍ॅपवरून ३८ किलोमीटरचा 'ग्रॅव्हल' मार्ग उतरवून घेतला. ट्योस नदीच्या काठाने झकास गेलो आणि कीबुर्गच्या किल्ल्याखाली पोचलो, तर समोर पायऱ्या. जंगलातून वर चढणाऱ्या, लाकडाच्या आडव्या ओंडक्यांच्या. चारशेहून जास्त आहेत हे नंतर कळलं. मला वाटलं, थोड्याच असतील. माझी सायकल खांद्यावर घेऊन मी चढत राहिले, दुसरीही मीच नेते म्हटलं, पण बाबा माझं ऐकायला तयार नाहीत, मागून स्वतःची सायकल स्वतः ढकलत होते. अर्ध्यात एक आजीबाई काठ्या घेऊन उतरत होत्या. थांबल्या, आधी बाबांना बसायला जागा दाखवली, आणि मग मला शांतपणे सांगितलं की ही चालणाऱ्यांची वाट आहे. मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बाबांचा उजवा गुडघा सुजला होता. आता उतरलाय. पण असं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

मला हवं आहे ते असं: २५ ते ४० किलोमीटर, बहुतेक कच्चा रस्ता, जंगल आणि शेतं, चढ अगदी कमी. कुठे सायकल चालते आणि कुठे नाही हे निघण्याआधी ओळखायचं कसं? आणि नकाशावरून खडीचा रस्ता आणि पायवाट यांतला फरक कसा काढता तुम्ही? बाबा आणखी साडेतीन आठवडे आहेत.

प्रतिसाद १

ताई, आधी बाबांना नमस्कार सांगा.

तुम्ही ट्योसच्या काठाने गेलात ते बरोबरच केलंत, फक्त दिशा उलटी करा. विंटरथूरहून एस २६ लोकलने सायकलींसकट बाउमाला जा आणि नदीबरोबर खाली या. बाउमा सुमारे ६४० मीटरवर, विंटरथूर ४४० च्या आसपास. म्हणजे २५ किलोमीटरमध्ये २०० मीटर उतार. जाणवतही नाही इतका, पण गुडघ्याला कळतो. झालांड, विला, टुर्बेन्टाल, रीकोन, कोलब्रुन, झेनहोफ अशी गावं लागतात. दमलात तर कुठल्याही स्टेशनावर गाडी पकडून घरी. ६८ व्या वर्षी याहून मोठी सोय नाही.

झेनहोफपासून लाइझेन्टाल सुरू होतं, तो तुकडा सगळ्यात सुंदर. एका बाजूला एशेनबेर्गचं जंगल, दुसरीकडे नदी, वाहनं नाहीत. रविवारी दुपारी मात्र तिथे बाबागाड्या, कुत्री, पळणारे, सगळं विंटरथूर लोटतं. सकाळी आठला तिथे असाल असं बघा.

सायकलचं तिकीट वेगळं काढायचं, आणि कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळची गर्दीची वेळ टाळा.

प्रतिसाद २

पाट्यांबद्दल लिहितो, कारण मीही पहिल्या वर्षी असाच बोलणी खाऊन शिकलो.

पिवळी पाटी चालणाऱ्यांची. लाल पाटी, त्यावर पांढरी सायकल, ती आपली. एवढं सगळ्यांना माहीत असतं. खरी गल्लत होते गोल पाट्यांची. लाल कडा आणि आत नुसतं पांढरं, रिकामं, तर सगळ्या वाहनांना बंदी, सायकल धरून. उतरून ढकलत नेलीत तर चालतं. पण त्याच गोलात मोटार आणि मोटारसायकल काढलेली असेल, तर बंदी फक्त त्यांना आहे, तुम्ही खुशाल जा. जंगलाच्या तोंडाशी बहुतेक ही दुसरी असते आणि नवखी माणसं ती पाहून माघारी फिरतात.

कायद्याचं म्हणाल तर इथल्या नागरी संहितेचं कलम ६९९ जंगलात आणि कुरणात जायचा हक्क सगळ्यांना देतं, मालक कोणीही असो. ही संहिता १९०७ची, लागू १९१२ पासून. म्हणून कोणीही टोपली घेऊन अळंबी शोधत फिरताना दिसतं. पण हा हक्क पायी जाणाऱ्याचा. सायकलला झ्युरिक कॅन्टनमध्ये, म्हणजे इथल्या राज्यात, जंगलातले रस्ते आणि वाटा सोडून आत शिरता येत नाही. आणि वाहतूक कायद्याचं कलम ४३ सांगतं की जी वाट सायकलसाठी योग्य नाही किंवा उघडच सायकलसाठी केलेली नाही, तिथे सायकल घालायची नाही. तुमच्या पायऱ्या यात बसतात. आजीबाई बरोबर होत्या.

पुढे कधी शाफहाउझेनवरून जर्मनीत शिरलात तर लक्षात असू द्या, बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकलला बंदी आहे.

प्रतिसाद ३

नकाशासाठी स्विसटोपोचं, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा विभागाचं अ‍ॅप घ्या. फुकट आहे. बारीक तुटक रेघ म्हणजे पायवाट, तिकडे जायचं नाही. दुहेरी रेघ म्हणजे गाडीरस्ता. खडी की डांबर हे कळायला मी हवाई छायाचित्राचा थर लावते. सपाट भागात त्याची स्पष्टता १० सेंटिमीटरपर्यंत आहे, त्यामुळे शेतातला पांढुरका पट्टा आणि करडं डांबर डोळ्यांनी वेगळं दिसतं. मधोमध गवताची शेंडी असलेली गाडीवाटसुद्धा दिसते. जंगलात झाडांखालचं दिसत नाही, तिथे रेघेवरच भरवसा. अ‍ॅपने आपोआप काढलेला मार्ग एकदा या नकाशावर बोट फिरवून तपासायचा, मगच निघायचं.

हवा किती भरता? ट्यूबवाल्या ४० च्या टायरला वजन बेताचं असेल तर अडीच-तीन बार पुष्कळ. टणक टायरने खडीवर हात आणि मनगटं भरून येतात, आणि ते वय झालेल्या माणसाला आधी जाणवतं.

गोचिडींचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. एशेनबेर्गच काय, या सगळ्या भागात आहेत. गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस आहे, पण नेहमीच्या वेळापत्रकात पूर्ण मात्रांना महिने लागतात, बाबांच्या मुक्कामात काय बसेल ते डॉक्टरांना विचारा. बोरेलियोसिसला, म्हणजे गोचिडींमुळेच होणाऱ्या लाइम आजाराला, तर लसच नाही. तेव्हा गवतात बसू नका, मोजे पँटवर ओढा, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली नीट बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, साबण काही लावायचं नाही. नंतर त्या जागी लाल चकंदळ पसरताना दिसलं तर डॉक्टर.

प्रतिसाद ४

किल्ला राहिला म्हणून बाबा हळहळत असतील तर सांगतो, कीबुर्गला पायऱ्यांशिवाय जाता येतं. झेनहोफहून वळणावळणाचा डांबरी रस्ता चढतो, बसही जाते. बसने जा, सायकली खाली कुलूप लावून ठेवा. कीबुर्ग घराण्याचा शेवटचा पुरुष १२६४ मध्ये गेला आणि किल्ला हाब्सबुर्ग राजघराण्याकडे आला, त्यांच्या साम्राज्याच्या आरंभीच्या काळातली ही जागा. आपल्याकडचा माणूस किल्ला बघितल्याशिवाय परत जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

विजेची सायकल घ्या असं सुचवणार होतो, ताशी २५ किलोमीटर वेगमर्यादेच्या सायकलला नंबरप्लेट लागत नाही. फक्त २०२२ पासून दिवसाही दिवा लावावा लागतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. विजेची सायकल बाबांनी एका वाक्यात नाकारली. बाकी सगळं ऐकलं.

काल शनिवारी बाउमाहून खाली आलो. आदल्या रात्री तुम्ही सांगितलं तसं नकाशावर बोट फिरवून बघितलं, तर माझ्या जुन्या मार्गात आणखी दोन तुकडे तुटक रेघेचे निघाले. काढून टाकले. पाच तास लागले, कारण बाबा प्रत्येक गावातल्या कारंज्यापाशी थांबले. पाणी पिण्याचं नसेल तर तशी पाटी असते हे सांगितल्यावर बाटली ओतून पुन्हा पुन्हा ताजं भरून घेत होते. एका शेतावर मोकळ्या फडताळात सफरचंदं आणि भोपळे, शेजारी पैशांचा डबा, माणूस कोणी नाही. बाबांनी नाणी दोनदा मोजून टाकली.

झालांडच्या खाली त्यांनी पुलावर सायकल थांबवली. नदीत पाणी नव्हतं. नुसते गोटे, पांढरे, वाळलेले. "दुष्काळ आहे का इकडे?" मला उत्तर येत नव्हतं, मग वाचून सांगितलं: या पट्ट्यात ट्योस कोरड्या दिवसांत खालच्या जाड खडीत मुरते, आणि भूजल होऊन पुढे निघते. विंटरथूरचं पिण्याचं पाणी त्याच भूजलाचं. टुर्बेन्टालच्या पुढे नदी पुन्हा वाहताना दिसली तेव्हा ते बराच वेळ काठावर उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे घरी नळाला येतं ते हेच." १८७६च्या पुरानंतर नदी सरळ करून बांध घातले, त्या बांधाच्या वाटेवरून आम्ही येत होतो हेही त्यांना सांगितलं.

गुडघा ठीक आहे. आज सकाळी पायरीवर बसून दोन्ही साखळ्या पुसत होते. परवाच्या पावसाचा मेर्गेल चुन्यासारखा चिकटला होता, सुकल्यावर जुन्या दातब्रशनेच निघाला.

आता पुढचा प्रश्न. येत्या रविवारसाठी थूर नदीचा बांध डोक्यात आहे, फ्राउएनफेल्डहून आंडेलफिंगेनकडे. सपाट आहे असं दिसतं, आणि हवाई छायाचित्रात पांढरा पट्टाही दिसतो. पण पुढे फ्लाखजवळ थूरआउएनचं राखीव क्षेत्र लागतं आणि तिथे काही भागांत सायकलला मनाई आहे. आंडेलफिंगेनलाच थांबून लोकल धरावी, की राखीव भागाला बाहेरून वळसा घालून ऱ्हाइनपर्यंत जाता येईल? अलीकडे कोणी गेलं असेल तर पाट्या कुठे आहेत तेवढं लिहा. बाबांना ऱ्हाइन बघायची आहे.