मदत हवी आहे: वाचनालय-सभागृहाच्या जागेवर नगरपरिषदेचे ‘टेक्नॉलॉजी हब’, हरकत कोठे आणि कशी घ्यावी?

नमस्कार.

पश्चिम महाराष्ट्रातील एका ब वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत आम्ही राहतो. बाजारपेठेला लागून नगरपरिषदेच्या मालकीची एक जुनी दुमजली इमारत आहे. तिच्यात खाली सभागृह आणि वर सार्वजनिक वाचनालय असून मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराची अभ्यासिका आहे. ही सर्व वास्तू पाडून त्या जागी ‘टेक्नॉलॉजी व इन्क्युबेशन हब’ (नवउद्योगांना सुरुवातीला जागा व मदत देणारे केंद्र) बांधण्याचे आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एखाद्या खासगी चालकाकडे सोपवण्याचे घाटत आहे. नगरपरिषदेच्या कामकाजाची, नगररचनेची किंवा कायद्याची माहिती असणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला या धाग्यावर राजकारण नको असून माहिती हवी आहे.

ही बातमी आम्हाला कोणत्याही जाहीर सूचनेतून कळली नाही. चौकात एक फ्लेक्स लागला. त्यावर काचेची उंच इमारत आणि तिच्यापुढे आमच्या तालुक्यात कोठेही न दिसणारी ताडासारखी झाडे होती. चौकशी केल्यावर समजले की नगरपरिषदेवर प्रशासक असतानाच हा ठराव मंजूर झाला होता. निवडणुका लांबल्यामुळे राज्यातील बहुतेक नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांकडे होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये मतदान होऊन नवे निर्वाचित सभागृह (नगरसेवकांचे) आले, हे आपण जाणताच. आमच्याकडे आता निवडून आलेले नगरसेवक आहेत, पण त्यांतील अनेकांना या ठरावातील अटी ठाऊक नाहीत. ज्यांना ठाऊक आहेत ते ‘विकासाला विरोध करू नका’ एवढेच सांगतात.

मी विकासाच्या किंवा तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. आमच्या तालुक्यातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेली मुले पुण्याला जातात आणि तेथेच राहतात, हे मी माझ्या घरातच पाहत आहे. येथे काही उभे राहिले तर मला आनंदच होईल. मात्र हब म्हणजे केवळ इमारत, असे गृहीत धरले जात असल्याची शंका येते. हैदराबादचे टी-हब हे नवउद्योगांचे केंद्र २०१५ मध्ये आयआयआयटी या माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात सुरू झाले, राज्य शासनासोबत आयएसबी ही व्यवस्थापन संस्था आणि नालसार हे कायदा विद्यापीठ त्यात होते आणि त्याची स्वतःची प्रशस्त वास्तू २०२२ मध्ये आली. तेथे संस्था आणि माणसे आधी होती. आमच्याकडे संस्था कोणती येणार, चालक कोण असणार आणि जागा भरल्या नाहीत तर देखभालीचा खर्च कोण करणार, याबद्दल ठरावात अवाक्षर नाही.

आणि जागा हीच का, हा खरा प्रश्न आहे. सभागृहात बारशापासून शोकसभेपर्यंत सर्व काही होते, कारण खासगी मंगल कार्यालयाचे भाडे ज्यांना झेपत नाही त्यांना ते परवडते. बचत गटांच्या बैठका, पल्स पोलिओचा बूथ आणि निवडणुकीचे मतदान केंद्रही तेथेच असते. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली पहाटेपासून येतात. बसायच्या जागेवरून भांडणे होऊ नयेत म्हणून त्यांनीच एक वही ठेवली आहे आणि आलेल्या क्रमाने तीत नावे लिहिली जातात. मुली रात्री उशिरापर्यंत थांबू शकतात त्याचे कारण साधे आहे: एसटी स्थानक जवळ आहे, समोरची औषधांची दुकाने उघडी असतात आणि रस्ता उजेडात असतो. नगरपरिषदेने देऊ केलेली पर्यायी जागा बाह्यवळण रस्त्यावर, जलशुद्धीकरण केंद्राच्या पलीकडे आहे. तेथे संध्याकाळी सातनंतर कोणताही पालक आपल्या मुलीला पाठवणार नाही.

नव्या इमारतीत एक मजला ‘सामुदायिक वापरासाठी’ राखीव असेल असे तोंडी सांगण्यात येते, परंतु त्याचे भाडे चालक ठरवणार आहे.

आमच्या हाती सध्या तीन कागद आहेत. मिळकत पत्रिकेत धारक म्हणून नगरपालिकेचे नाव असून ही जागा बक्षीसपत्राने आल्याची नोंद आहे. त्या बक्षीसपत्राची छायाप्रत वाचनालयाच्या कपाटात सापडली. ते पन्नासच्या दशकातले, हस्तलिखित आहे. एका स्थानिक व्यापारी कुटुंबाने ही जागा लोकांच्या वाचनासाठी आणि सभांसाठी दिली, इतके पहिल्या पानांवरून स्पष्ट होते, पण ज्या पानावर अटी असाव्यात तेच पान त्या प्रतीत नाही. तिसरा कागद म्हणजे प्रशासकांच्या ठरावाची प्रत. इमारत धोकादायक असल्याचा स्ट्रक्चरल ऑडिटचा (बांधकामाच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल आहे असे ठरावात म्हटले आहे, मात्र तो मागूनही दाखवण्यात आलेला नाही.

बक्षिसाने मिळालेली आणि विशिष्ट हेतूसाठी वापरात असलेली जागा नगरपरिषदेला अशा रीतीने खासगी चालकाला देता येते का? प्रशासकांनी केलेला ठराव नव्या निर्वाचित सभागृहावर बंधनकारक असतो का? इमारत धोकादायक ठरवून रिकामी करून घेतली तर आमची बाजू तेथेच संपते का? आणि सर्वांत व्यावहारिक प्रश्न असा की पहिला अर्ज कोणाकडे करावा? आम्ही सामान्य वाचक-सभासद आहोत, आमच्यामागे कोणतीही संघटना नाही.

प्रतिसाद १

मी नगरपरिषद सेवेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे कार्यालयाच्या बाजूने सांगतो. चौकातील फ्लेक्सकडे आणि भाषणांकडे दुर्लक्ष करा व फाइल पाहा.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ चे कलम ९२ आधी वाचा. नगरपरिषदेला आपली स्थावर मालमत्ता राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय हस्तांतरित करता येत नाही, आणि अशा प्रस्तावासोबत एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन तृतीयांश बहुमताने संमत झालेला ठराव असावा लागतो. शासनाच्या मंजुरीविना नगरपरिषदेला जास्तीत जास्त तीन वर्षांचा भाडेपट्टा देता येतो आणि त्या जागेवर भाडेकरूला पक्के बांधकाम करता येत नाही. तुम्ही लिहिता तसा दीर्घ मुदतीचा पट्टा असेल तर मंत्रालयातून मंजुरी आल्याशिवाय तो पुढे सरकू शकत नाही. ती मंजुरी मागितली आहे का, आली आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या. पुष्कळदा ठराव होतो, फ्लेक्स लागतो आणि प्रस्ताव मात्र नगरपरिषदेच्याच टेबलावर पडून असतो.

पैसा कोठून येणार हेही विचारा. राज्य शासनाच्या नगरोत्थान योजनेतून किंवा वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या अनुदानातून निधी घेतला असेल, तर मंजुरीच्या आदेशात कामाचे नाव आणि अटी स्पष्ट लिहिलेल्या असतात, आणि शासकीय अनुदानातून बांधलेली वास्तू खासगी चालकाला कोणत्या अटींवर देणार याचे उत्तर कार्यालयाला द्यावेच लागेल.

माहिती अधिकाराचा अर्ज अवश्य करा, पण त्याची तीस दिवसांची मुदत संपण्याची वाट पाहत बसू नका. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा, कारण खिडकीवरच्या लिपिकाला ते माहीत असेलच असे नाही. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नका. ठरावाची टिप्पणी, प्रकल्प अहवाल, ऑडिट अहवाल, शासनाशी झालेला पत्रव्यवहार आणि भाडेपट्ट्याचा मसुदा असे एकेक कागद नावानिशी मागा.

नगररचना विभागातून त्या भूखंडाचा विकास योजनेतील भाग नकाशाही घ्या. तेथे वाचनालय किंवा सभागृह असे आरक्षण दाखवलेले असेल तर ते बदलण्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खालील कार्यवाही करावी लागते. राजपत्रात सूचना, हरकतींसाठी एक महिना, बाधितांची सुनावणी आणि मग शासनाची मंजुरी असा तो क्रम आहे. ही सूचना निघालीच नसेल तर तुमच्या हरकतीला भक्कम आधार मिळेल. निघून महिना उलटला असेल, तर ते आजच कळलेले बरे.

प्रतिसाद २

मी स्थापत्य अभियंता आहे आणि फक्त ऑडिटबद्दल लिहितो. ‘इमारत धोकादायक आहे’ या विधानाला काहीच अर्थ नाही, वर्गवारी विचारा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए मध्ये इमारत रिकामी करून मोठी दुरुस्ती करतात, सी-२बी मध्ये रिकामी न करता दुरुस्ती होते आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तुमची इमारत सी-१ सोडून कोणत्याही वर्गात असेल तर पाडकामासाठी ऑडिटचा आधार पुरत नाही. अहवालात रीबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ सेल यांसारख्या काँक्रीट व सळयांची अवस्था तपासणाऱ्या चाचण्यांचे निष्कर्ष आणि त्या कोठे घेतल्या त्याचा नकाशा आहे का ते बघा. पन्नास-साठच्या दशकांतल्या पुष्कळ इमारती भारवाहक भिंतींच्या असतात. तिथे काँक्रीटच्या चाचण्या स्लॅबपुरत्या उपयोगी पडतात, भिंतींचे वेगळे मूल्यमापन लागते. नुसत्या भेगांच्या छायाचित्रांवर उरकलेला अहवाल असेल तर दुसऱ्या मान्यताप्राप्त ऑडिटरकडून तपासणी करून घेण्याची लेखी मागणी करा.

मात्र वर्गवारी खरोखरच सी-१ असेल तर इमारत वाचवण्याचा हट्ट धरू नका. त्या छपराखाली मुले बसतात. अशा वेळी मागणी बदला: बाजारपेठेच्या परिसरातच तात्पुरती अभ्यासिका आधी सुरू व्हावी आणि मगच पाडकाम व्हावे. नव्या इमारतीत तळमजल्यावर सध्याइतक्या क्षेत्रफळाचे सभागृह आणि वाचनालय असावे आणि त्यांचा ताबा व दरनिश्चिती नगरपरिषदेकडेच राहावी, अशी अट भाडेपट्ट्याच्या मसुद्यातच लिहून घ्या. तोंडी राखीव ठेवलेला मजला पुढे तोंडीच राहतो.

प्रतिसाद ३

वकिली करतो, पण कागद पाहिलेले नाहीत, तेव्हा हा कायदेशीर सल्ला समजू नये.

हरवलेल्या पानासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जा. स्थावर मालमत्तेच्या नोंदणीकृत दस्तांची प्रमाणित नक्कल नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार कोणालाही मागता येते. सूचीत देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाने शोध घ्यावा लागेल. ते पान मिळेपर्यंत बक्षीसपत्राच्या अटींबद्दल जाहीरपणे काहीही बोलू नका. त्यात केवळ हेतू नमूद असेल तर एक परिस्थिती आणि हेतू मोडल्यास जागा कुटुंबाकडे परत जाईल असे कलम असेल तर अगदी वेगळी. दुसऱ्या प्रकारात ‘अट मोडली’ असा गाजावाजा तुम्ही केलात, तर उद्या वारस उभे राहतील आणि बाजारपेठेतील ती जागा गावाच्या हातून कायमची जाऊ शकते. वारसांशी आधी आपुलकीने बोलून घ्या. आजोबांनी दिलेली जागा वाचनालयासाठीच राहावी असे पत्र त्यांनी नगरपरिषदेला दिले तर त्याला वजन येईल.

आपल्यामागे संघटना नाही याची चिंता नको. बंगळुरूतील उद्यानासाठी राखीव असलेली मोकळी जागा एका खासगी वैद्यकीय न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आली होती, तेव्हा त्या भागातले रहिवासी न्यायालयात गेले. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांचा दाद मागण्याचा अधिकार मान्य केला आणि जागेचा तो बदल बेकायदा ठरवला. रुग्णालय उपयुक्त नसते असे तेथे कोणीच म्हणत नव्हते. सार्वजनिक हेतूची जागा कायद्यातील पद्धत डावलून दुसऱ्या कामाला, तीही खासगी हाती देता येणार नाही, असा मुद्दा होता. तुमच्या हबबाबतही मांडणी अशीच ठेवा.

न्यायालयाच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. १९६५ च्याच अधिनियमातील कलम ३०८ खाली नगरपरिषदेच्या बेकायदा किंवा लोकांना उपद्रवकारक ठरणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी त्यांना स्थगित करता येते. तरीही उच्च न्यायालयात जावे लागलेच, तर सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आहे, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या वाचतील. फक्त उशीर करू नका. कार्यादेश निघून पाया खणला गेल्यावर आलेल्या याचिकेला ‘इतके दिवस कोठे होता’ हा प्रश्न पहिला विचारला जातो.

धागाकर्ता

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. वारसांचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता. बक्षीसपत्राच्या अटींवर पत्रक काढायची तयारी झाली होती, ती थांबवली आहे. दुय्यम निबंधकांकडे नकलेचा अर्ज दिला असून येत्या सोमवारी दोन सभासद फाइल पाहायला जाणार आहेत.

पहिल्या प्रतिसादाबद्दल एक शंका उरते. कलम ९२ मध्ये एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमताची अट आहे आणि आमचा ठराव ज्या दिवशी झाला त्या दिवशी एकही सदस्य पदावर नव्हता. सभागृहाचे सर्व अधिकार प्रशासकांकडे असल्याने ही अट आपोआप पूर्ण झाली असे कार्यालय म्हणते. हा अर्थ बरोबर आहे का, आणि नसल्यास नव्या सर्वसाधारण सभेपुढे हा विषय आणण्यासाठी नगरसेवकांनी कोणत्या स्वरूपाची सूचना द्यावी? एका नगरसेविकेने सही करण्याची तयारी दाखवली आहे, त्यामुळे मसुदा कोणाकडे असल्यास येथेच द्यावा.