अनुभव हवेत: मिशिगनमधलं ड्युरँड स्टेशन

मिशिगनमधल्या मराठी मंडळींनो, फ्लिंटजवळचं ड्युरँड हे जेमतेम साडेतीन हजार वस्तीचं गाव, पण स्टेशन बघाल तर 239 फूट लांब, गोल बुरुजांचं, शंकूच्या छपरांचं. ग्रँड ट्रंक आणि ॲन आर्बर या दोन रेल्वे कंपन्यांनी 1903 साली बांधलं, 1905 मध्ये जळालं, पुन्हा तसंच उभारलं. आणि मुख्य म्हणजे प्रवासी गाडी आजही तिथे थांबते. कुणी गेलं असेल तर लिहा ना. थोडक्यात लिहिलं तरी चालेल.

*

फ्लिंटहून लिहितोय. शिकत असताना शिकागोला जायला आम्ही सगळे ड्युरँडहूनच सकाळची ब्लू वॉटर ही प्रवासी गाडी धरायचो. मित्राने गाडीने सोडायचं, बस्स. थंडीत गाडीचे दिवे दिसेपर्यंत कुणी आतून बाहेर यायचं नाही.

*

मी नागपूरचा, त्यामुळे डायमंड क्रॉसिंग म्हटलं की पाय आपोआप वळतात. ड्युरँडला दोन्ही कंपन्यांचे रूळ स्टेशनच्या अगदी पुढ्यातच एकमेकांना छेदतात. मालगाडी त्या फुलीवरून जाते तेव्हा प्रत्येक चाकाचा वेगळा ठोका ऐकू येतो. तिथेच कळलं की ऑगस्ट 1903 मध्ये इथल्या यार्डात वॉलेस ब्रदर्स सर्कशीची मागची गाडी पुढच्या गाडीवर आदळली होती. वीसहून जास्त माणसं गेली, जनावरंही गेली. काहींना गावातल्याच लव्हजॉय स्मशानभूमीत पुरलंय. तिथेही जाऊन या.

*

बाबा मध्य रेल्वेत गार्ड होते, दौंडला बरीच वर्षं. इकडे आले की दोन दिवसांत कंटाळायचे, म्हणून एका शनिवारी ड्युरँडला नेलं. इमारतीत राज्याच्या रेल्वे इतिहासाचं संग्रहालय आहे. पण बाबा आत जाईनात. एक लांबलचक मालगाडी चालली होती, ती संपेपर्यंत प्लॅटफॉर्मवर ताठ उभे. शेवटचा डबा गेला तसे माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, गार्डचा डबा कुठाय?" कपलिंगला एक लहानशी पेटी लावलेली होती, लाल दिवा लुकलुकत होता. आता गार्डाऐवजी तीच ब्रेकच्या हवेचा दाब इंजिनात कळवते, असं मी सांगितलं. बाबांनी विचारलं, "आणि मधेच गाडी तुटली तर मागे उतरून कोण बघणार?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर आत जुन्या हातबत्त्यांपाशी ते इतका वेळ रमले, की तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी खुर्ची आणून दिली. दोघांचं इंग्रजी आणि दोघांचे उच्चार वेगळे, तरी तासभर सिग्नलवर बोलत बसले. बाबांचा इतका आनंदी चेहरा मी अमेरिकेत दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

*

ॲन आर्बरकर इथे. आमच्या 1886 च्या दगडी स्टेशनात आता रेस्टॉरंट आहे, गाडी शेजारच्या नव्या इमारतीपाशी थांबते. इमारत वाचली याचं समाधान आहेच, पण ड्युरँडचं कौतुक जास्त वाटतं. 1974 मध्ये रेल्वेने ती वास्तू सोडली, 1979 मध्ये गावाने एका डॉलरला घेतली आणि पुढे दुरुस्तीचा सगळा भार उचलला. दर मे महिन्यात तिथे रेलरोड डेज भरतात, मुलांना जरूर न्या.

*

वर कौतुक वाचून जाणाऱ्यांसाठी: तिथे तिकीट खिडकी नाही, मोबाईलवर आधीच काढून ठेवा. गाडी दिवसात एकच जाते, एकच येते. शिकागोचं घड्याळ एक तास मागे असतं, परतीच्या वेळी ते विसरू नका.