संघाच्या मॅनेजरने सामन्याच्या दिवशी नेमकं काय घालावं?

परळ_इलेव्हन
क्लबच्या क्रिकेट संघाचं मॅनेजरपद यंदा माझ्याकडे आलंय. सुरुवातच कांगा लीगच्या, म्हणजे मुंबईच्या पावसाळी क्रिकेट स्पर्धेच्या, पावसात. सामने बहुतेक आझाद आणि क्रॉस मैदानावर, प्रवास लोकलने. संध्याकाळी कधी प्रायोजकांची भेट, कधी जिमखान्यात बक्षीस समारंभ. पोरांचाच ट्रॅकसूट घालावा की फॉर्मल? बजेट पाच-सहा हजार.

पॅव्हेलियन_एन्ड
खेळाडूंसारखे कपडे नकोत, हे पहिलं. आझाद मैदानावर एका सामन्याची सीमारेषा दुसऱ्याच्या मिडविकेटात असते आणि जिकडे बघाल तिकडे पांढरेच कपडे. अशात पंच, स्कोअरर, समोरचा मॅनेजर यांना तुम्ही न शोधता सापडायला हवेत. नेव्ही ब्लू पोलो, छातीवर डावीकडे क्लबचा बिल्ला, खाली खाकी किंवा गडद राखाडी चिनो (साधी सुती पँट). तीन पोलो, दोन पँट पुरतात. फिकट राखाडी आणि आकाशी रंग टाळा, काखेतला घाम लांबून दिसतो. आणि प्रायोजकाचा लोगो बिल्ल्यापेक्षा मोठा झाला की माणूस संघाचा न वाटता कंपनीचा प्रतिनिधी वाटतो.

सुईदोरा
रंगाचं बरोबर आहे, पण फसगत कापडात होते. शंभर टक्के पॉलिस्टरचा ड्रायफिट पटकन वाळतो खरा, मात्र मुंबईच्या दमट हवेत दिवसभर अंगावर राहिला की वास धरतो आणि तो धुऊनही पुरता जात नाही. ६० टक्के कॉटन, ४० टक्के पॉलिस्टरचं पिके (बारीक खडबडीत विणीचं) कापड घ्या, २०० ते २२० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचं. त्याहून फारच पातळ घेतलंत तर भरतकामाभोवती कापड गोळा होतं. बिल्ला ७-८ सेंटीमीटरच्या वर नेऊ नका.

कॉलर नीट बघा. रिबचा कॉलर काही धुण्यांतच कडेने वळतो आणि मग कितीही इस्त्री करा, माणूस गबाळाच दिसतो. त्याच कापडाचा, आत बकरम (कडक अस्तर) घातलेला कॉलर मागा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. दंडावर उतरली तर शर्ट थोरल्या भावाचा वाटतो. तयार माल धोबी तलावच्या खेळाच्या दुकानांत बघा, बिल्ला वेगळा भरून घ्या.

या बजेटमध्ये ब्लेझर विसरा. पुढे शिवलात तर टेरिवूलचा (पॉलिस्टर-लोकर मिश्र कापडाचा), पाठीला अर्धं अस्तर. पूर्ण अस्तराचा ब्लेझर मे महिन्यात समारंभभर हातावरच राहतो.

बोनस_लाइन
ट्रॅकसूट अगदीच बाद करू नका. बाहेरगावच्या स्पर्धेला जाताना सगळ्यांचा सारखा असला की स्टेशनवर डोकी मोजणं सोपं जातं. फुटबॉलमध्ये क्लॉप लिव्हरपूलच्या बेंचवर ट्रॅकसूट-टोपीत असायचा, इंग्लंडचा साउथगेट २०१८ च्या विश्वचषकात वेस्टकोटमध्ये. दोघांनाही शोभलं, कारण तीच त्यांची ओळख झाली होती. आज हे, उद्या ते केलंत तर काहीच ठसत नाही. अर्थात ते प्रशिक्षक होते. तुम्हाला आयोजकांशी कागदपत्रांचं बोलायचंय, तिथे कॉलर बरी.

मुलींच्या कबड्डी संघाच्या मॅनेजर ताईंसाठी: गुडघ्यापर्यंतचा, बाजूला खिसा असलेला कुर्ता आणि सरळ पँट. ओढणी घेतलीच तर दोन्हीकडे पिन लावा, जखमी मुलीला उचलायला वाकताना ती आधी पायात येते. आणि बाहेरचे बूट घालून मॅटवर पाऊल नको.

परळ_इलेव्हन
पोलोचं ठरलं. बूट कुठले? आणि जिमखान्यात हेच चालेल का?

पॅव्हेलियन_एन्ड
काळे, रबरी सोलचे, साधे. चामड्याचा सोल ओल्या गवतावर घसरतो आणि पावसाळ्यात बुटांना बुरशी येते. दोन जोड आलटून पालटून घाला, भिजलेल्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका, सोल सुटतो.

बऱ्याच जिमखान्यांत बिनकॉलरचा टीशर्ट, शॉर्ट्स आणि चपला चालत नाहीत, काही ठिकाणी जीन्सही नाही. आदल्या दिवशी फोन करून विचारा. पोलो-चिनो बहुतेक निभावतं, पण दिवसभर मैदानात घातलेला नव्हे. दुसरा पोलो घडी न करता गुंडाळून पिशवीत ठेवा, लोकलच्या गर्दीत कमी चुरगळतो. त्याच पिशवीत झिपच्या प्लॅस्टिक फोल्डरमध्ये खेळाडूंची यादी. ओली यादी पंचांपुढे धरलीत तर कडक इस्त्रीचा काही उपयोग नाही.