‘स्वायत्त जिल्हा परिषद’ : स्वायत्त कोण, जिल्हा की परिषद?

लडाखच्या आंदोलनाच्या बातमीत ‘सहाव्या अनुसूचीतील स्वायत्त जिल्हा परिषद’ असं वाचलं. जिल्हा परिषद तर आपल्याकडेही आहे. मग ‘स्वायत्त’ जोडल्याने काय फरक पडतो? आणि शब्द ‘स्वायत्तता’ की ‘स्वायत्ता’?

— आधी लेखनाचं. स्व + आयत्त. ‘आयत्त’ म्हणजे अधीन, ताब्यातलं. जे स्वतःच्याच ताब्यात ते स्वायत्त, आणि त्यापासून स्वायत्तता. ‘स्वायत्ता’ छापील मजकुरातही दिसतं, पण ते चूकच.

अर्थाचा घोळ मोठा आहे. आपल्या जिल्हा परिषदा राज्याच्या १९६१च्या कायद्याने आल्या. त्या शाळा, दवाखाने, रस्ते बघतात. विवाह किंवा वारसा यांवर कायदा करू शकत नाहीत. सहावी अनुसूची थेट राज्यघटनेत आहे. आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराममधल्या आदिवासी भागांसाठी. तिथली परिषद जमीन, राखीव सोडून बाकीचं जंगल, झूम शेती (जंगलाचा तुकडा तोडून-जाळून केलेली फिरती शेती), वारसा, विवाह यांवर स्वतः कायदे करते. त्याला राज्यपालांची मंजुरी लागते. मेघालयातल्या खासी समाजात कूळ आईकडून चालतं. तिथल्या परिषदेने १९९७ मध्ये खासी कोणाला म्हणायचं आणि कूळ कसं ठरायचं याचाच कायदा केला. आपली झेडपी असं काही करतेय, ही कल्पनाच करवत नाही!

आणि अनुसूचीचे शब्द नीट पाहा. तिथे आधी ‘स्वायत्त जिल्हा’ येतो आणि मग त्या जिल्ह्याची परिषद. विशेषण जिल्ह्याचं आहे.

— पण ताई, लेहमध्ये १९९५ पासून ‘स्वायत्त पर्वतीय विकास परिषद’ आहेच की. मग सहाव्या अनुसूचीची मागणी कशासाठी?

— तिथे ‘स्वायत्त’ हे परिषदेच्या नावात आहे. ती साध्या कायद्यातून आली. विकासकामं आणि निधी तिच्याकडे, पण कायदे करण्याचा अधिकार नाही. लेहच्या लोकांना जमीन आणि नोकऱ्यांची काळजी आहे, ती अशा परिषदेने मिटत नाही. शब्द तोच असल्यामुळे बातमी वाचणाऱ्याला वाटतं, यांना हवं ते मिळालेलंच आहे. मला हे फार खटकतं.

‘विशेष दर्जा’चंही तसंच. कलम ३७०लाही तोच शब्द आणि बिहारच्या मागणीलाही. बिहारचा प्रश्न केंद्राकडून मिळणाऱ्या पैशांचा आहे, स्वायत्ततेशी त्याचा संबंध नाही.

मी मजकूर तपासते तेव्हा ‘स्वायत्त जिल्ह्याची परिषद’ असं करून घेते. एक ‘ची’ वाढतो, पण वाचणारा झेडपीकडे वळत नाही.