‘क्लोन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : सांगलीतील विद्यार्थ्यांसाठी मी गिटची, म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीची, एक छोटी पुस्तिका मराठीत लिहीत आहे. सामायिक रेपॉझिटरी (प्रोजेक्टच्या फाइली आणि त्यांचा इतिहास ठेवणारे भांडार) ‘गिट क्लोन’ ही आज्ञा देऊन आपल्या संगणकावर आणण्याला ‘स्थानिक प्रत काढणे’ म्हटले, तर अर्थ पुरता पोहोचेल का?

उत्तर : माझ्या मते पोहोचणार नाही. ‘प्रत’ म्हटले की आजचा मजकूर डोळ्यांसमोर येतो, क्लोनबरोबर मात्र आजवरचा सगळा इतिहास येतो. आमच्या कार्यालयात नव्याने आलेल्या एका मुलाला मी ‘प्रोजेक्टची प्रत घेऊन ठेव’ असे सांगितले होते. त्याने झिप फाइल उतरवून घेतली, दोन दिवस मन लावून काम केले आणि बदल पाठवायला बसला, तेव्हा ‘हे गिटचे भांडार नाही’ अशा अर्थाचा संदेश पडद्यावर उमटला. अशा झिपमध्ये ‘डॉट गिट’ हा लपलेला फोल्डर नसतो, आणि सगळा जीव तर त्याच फोल्डरात असतो. चूक त्याची नव्हती, माझ्या शब्दाची होती.

आपल्या महसुली भाषेत हा भेद आधीपासून आहे. तलाठ्याकडून आपण सातबाऱ्याचा ‘उतारा’ घेतो. त्यात जमिनीची आजची स्थिती आणि फेरफारांचे क्रमांक असतात, पण कोणता बदल कधी व कशामुळे झाला हे पाहायचे, तर गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडावी लागते. सबव्हर्जन या अशाच दुसऱ्या प्रणालीत चेकआउट केल्यावर, म्हणजे फाइली आपल्याकडे उतरवल्यावर, हाती येतो तो असा उतारा, कारण नोंदवही सर्व्हरवरच राहते. २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कामासाठी गिट लिहिले, त्यात मात्र नोंदवहीसकट सारे दप्तरच ज्याच्या त्याच्या घरी येते. म्हणूनच नेट बंद असतानाही जुने बदल चाळता येतात आणि नवी कमिट (बदलांची नोंद) करता येते. ‘डेप्थ १’ हा पर्याय देऊन शेवटच्या कमिटपुरतेच क्लोन केले, तर त्याला खुशाल उतारा म्हणावे.

आणखी एक मत : ‘क्लोन’ हा शब्द मुळात शेतमळ्यातलाच आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ डहाळी असा होतो, आणि १९०३ साली हर्बर्ट वेबर यांनी तो कलमांनी किंवा कांड्यांनी वाढवलेल्या वनस्पतींसाठी सुचवला. तासगावची ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षाची जात थॉमसन सीडलेसमधून निवडलेली, म्हणजे क्लोनच. को ८६०३२ या उसाच्या दोन डोळ्यांच्या टिपरीतून को ८६०३२ च उगवतो, म्हणून ‘बेणे’ हा शब्द का घेऊ नये?

उत्तर : शब्द अर्थाने जवळचा आहे, परंतु ‘काय बेणं आहे’ असे सातारा-सांगलीकडे कोणाला म्हणतात, हे आपणांस ठाऊक आहेच, त्या धड्याला वर्गात हशा पिकेल. शिवाय टिपरी एकदा सरीत गेली की मूळ फडाशी तिचा संबंध संपतो. क्लोनचे तसे नाही; त्यात मूळ रेपॉझिटरीचा पत्ता ‘ओरिजिन’ या नावाने नोंदलेला असतो आणि फेच, पुल (बदल आणणे) आणि पुश (बदल पाठवणे) ही ये-जा एरवी त्याच पत्त्यावर चालते. मी पुस्तिकेत ‘क्लोन करणे’ हेच क्रियापद ठेवीन आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘इतिहासासह पूर्ण प्रत’ असे एकदा लिहीन. ‘रेपो’ हे लघुरूप मात्र टाळावे, कारण पुस्तिका घरी पालकांच्या हाती पडली, तर त्यांना रेपो दर आणि कर्जाचा हप्ता आठवेल.