ग्लायसीन म्हणजे मेंदूचा ब्रेक? मग एनएमडीए रिसेप्टरवर ते काय करतं?

मज्जातंतू
«ग्लायसीन हे शामक अमिनो आम्ल. ते जितकं वाढेल तितका ग्लुटामेटचा जोर ओसरेल.» कालच्या लेखातलं हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त चीड आणतं. मज्जारज्जूत आणि मेंदूच्या देठात ग्लायसीन क्लोराइडची वाहिनी उघडून पेशीला शांत करतं, मान्य. पण एनएमडीए रिसेप्टरवर, म्हणजे ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाने उघडणाऱ्या मज्जापेशीवरच्या वाहिनीवर, तेच ग्लायसीन ग्लुटामेटचं जोडीदार आहे. ग्लुटामेट बसतं रिसेप्टरच्या ग्लुएन२ या उपघटकावर, ग्लायसीन किंवा डी-सेरीन हे दुसरं अमिनो आम्ल ग्लुएन१ या उपघटकावर, आणि दोन्ही जागा भरल्याशिवाय वाहिनी उघडत नाही. जॉन्सन आणि अ‍ॅशर यांनी १९८७ मध्ये ग्लायसीनमुळे प्रतिसाद वाढतो हे दाखवलं. क्लेकनर आणि डिंगलडाइन यांनी १९८८ मध्ये ग्लायसीनशिवाय प्रतिसादच मिळत नाही हे दाखवलं. इतक्या वर्षांनंतरही «ब्रेक» लिहायचं?

शांतचित्त
लेख माझाच. झोपण्यापूर्वी ३ ग्रॅम ग्लायसीन घेतल्याने झोप सुधारते असे प्रयोग झालेत, ते खोटे का? शब्दांचा कीस काढून परिणाम नाहीसा होत नाही.

मज्जातंतू
परिणाम नाकारलाच नाही, कारण चुकीचं दिलंय. उंदरांमध्ये ग्लायसीनने शरीराचं तापमान उतरतं, ते सुप्राकायझमॅटिक केंद्रकातल्या (मेंदूतल्या जैविक घड्याळातल्या) एनएमडीए रिसेप्टरमार्फत. एनएमडीए रोधक दिले की परिणाम थांबतो, ग्लायसीनची क्लोराइड वाहिनी रोखणारं स्ट्रिक्निन देऊन थांबत नाही. म्हणजे तुमचं उदाहरणच तुमच्या वाक्याच्या विरोधात जातं.

रसशाळा
दोघेही मूळ प्रश्न टाळताय. ग्लुएन१ वरची जागा मुळात रिकामी असते का? मेंदूद्रवात ग्लायसीन काही मायक्रोमोलर असतं. ग्लुएन२ चे प्रकार असतात: ग्लुएन२ए असलेल्या रिसेप्टरला अर्ध्या परिणामासाठी साधारण १ ते २ मायक्रोमोलर पुरतं, ग्लुएन२डीला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. जागा भरलेलीच असेल तर वरून ओतून काय होणार?

मज्जातंतू
मेंदूद्रव म्हणजे सिनॅप्सची (दोन मज्जापेशींच्या जोडाची) फट नव्हे! तिथे ग्लायटी१ हा वाहक प्रथिन दोन सोडियम आणि एक क्लोराइड आयनांसोबत ग्लायसीन आत ओढत असतो. हा वाहक रोखला की हिप्पोकॅम्पसच्या कापांत एनएमडीएचा प्रवाह वाढतो. जागा पूर्ण भरलेली असती तर वाढला असता का? शिवाय कित्येक सिनॅप्सवर मुख्य कारभार डी-सेरीनचा आहे.

रसशाळा
कापांपुरतं मान्य. पण रुग्णांत काय झालं? स्किझोफ्रेनियात दिवसाला ६० ग्रॅम ग्लायसीन देऊन केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत ते प्लासीबोपेक्षा सरस ठरलं नाही. ग्लायटी१ रोखणारं बिटोपर्टिनही तिसऱ्या टप्प्यात नकारात्मक लक्षणांवर अपयशी ठरलं.

पिपेटवाला
अवांतर, पण इथे कुणीच बोलत नाही म्हणून. प्रयोगशाळेत रिसेप्टरचा प्रवाह मोजताना «ग्लायसीन नसलेलं द्रावण» म्हणून वापरलेल्या बहुतेक द्रावणांत ग्लायसीन असतं. बोटांच्या घामात सेरीन आणि ग्लायसीन भरपूर, जुन्या पाण्याच्या बाटलीत जिवाणू, आणि खुद्द ग्लुटामेटच्या भुकटीतही त्याचा अंश. हातमोजे घाला, ताजं अतिशुद्ध पाणी घ्या, आणि आधी नुसतं १०० मायक्रोमोलर ग्लुटामेट सोडून पाहा. एएमपीए आणि केनेटचे (ग्लुटामेटचे इतर) रिसेप्टर रोखलेले असूनही प्रवाह आला आणि ग्लायसीनची जागा अडवणाऱ्या ५,७-डायक्लोरोकिन्युरेनिक आम्लाने गेला, तर ग्लायसीनच्या जागेवर काहीतरी बसलंय हे नक्की. न्यूरॉन वापरत असाल तर १ मायक्रोमोलर स्ट्रिक्निन हवंच, नाहीतर क्लोराइडचा प्रवाह मोजून त्यालाच एनएमडीए म्हणाल.

रसशाळा
हे अर्धंच झालं. मॅग्नेशियम वाहिनी तुंबवतं; ते काढलं नाही तर -६० मिलिव्होल्टला दिसणार काय? एकतर ते काढा किंवा पेशीचं व्होल्टेज +४० ला धरा. आणि बेडकाच्या अंडपेशीत मोजताय तर कॅल्शियमच्या जागी बेरियम घाला, नाहीतर कॅल्शियममुळे उघडणारा क्लोराइड प्रवाह आकडे फुगवतो.

पिपेटवाला
मॅग्नेशियम सगळ्यांनाच माहीत असतं. लोक फसतात ते जस्तात! ग्लुएन२ए ला नॅनोमोलर जस्तही दाबतं आणि इतकं जस्त साध्या क्षारांच्या भुकटीतूनच येतं. त्यात हिस्टिडीन किंवा सिस्टीन घातलं की ते जस्ताला धरून ठेवतं, प्रवाह वाढतो, आणि निष्कर्ष निघतो की अमुक अमिनो आम्ल रिसेप्टरला चेतवतं. नियंत्रण द्रावणात जस्त धरून ठेवणारं १० मिलिमोलर ट्रायसीन घालून पुन्हा करा. वाढ नाहीशी झाली तर श्रेय रिसेप्टरवरच्या जागेचं नाही.

शांतचित्त
हे सगळं नळीतलं. शरीरात काय, ते सांगा.

पिपेटवाला
नळीतलं चुकलं तर शरीराबद्दलचं अनुमानही चुकतं. सामू (पीएच) घ्या: ७.३ च्या आसपास प्रोटॉन या रिसेप्टरला जवळपास निम्मा दाबून ठेवतात. अस्पार्टिक आम्ल उदासीन न करता मिलिमोलर प्रमाणात ओतलं की सामू घसरतो, प्रवाह कमी होतो, आणि लेखात लिहिलं जातं «शामक». सोडियम हायड्रॉक्साइडने सामू जुळवा, मग बोला.

मज्जातंतू
सामूचा मुद्दा पटला, जस्ताचाही. मूळ वादावर मी जागचा हललेलो नाही.

शांतचित्त
«ग्लुटामेटचा जोर ओसरेल» हा भाग लेखातून काढतोय. मज्जारज्जूचं वाक्य राहील. झोपेचंही राहील, उंदरांमधल्या यंत्रणेचा उल्लेख जोडून.

रसशाळा
आणि ६० ग्रॅमच्या चाचणीचा निकालही जोडा, नाहीतर दुरुस्ती अर्धीच राहील.